विहिरीचा आलेख गावाला दाखवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी भूजलावर पीएचडी करते आहे. पुरंदर तालुक्यातल्या ४२ विहिरींची पाणीपातळी तीन वर्षं मोजली. लोकांपर्यंत हे पोचावं म्हणून कॅनव्हावर एक इन्फोग्राफिक केलं. त्यात नकाशा, तीन आलेख, एक पाय चार्ट आणि सहा शिफारशी आहेत. गावात दाखवलं तर सगळे ‘छान आहे’ म्हणाले आणि पुढे काहीच झालं नाही. आता कुठलं सॉफ्टवेअर शिकू? की सरळ चित्रकाराला देऊ?”

सॉफ्टवेअरकडे शेवटी येते, कारण तुमची अडचण तिथे नाही. तुमच्या प्रश्नातला मला अडलेला शब्द म्हणजे ‘छान’. शेतकरी माणूस पाण्याविषयी बोलायला लागला की तासभर बोलतो. कुणाच्या विहिरीला कुठल्या अंगाने झरा आहे, कुणाच्या बोअरमुळे कुणाचं पाणी तुटलं, हे त्याला तोंडपाठ असतं. अशी माणसं तुमच्या कागदासमोर उभी राहून नुसतं ‘छान’ म्हणाली, म्हणजे त्या कागदात त्यांना आपली विहीर दिसली नाही. रंग आणि आयकॉन बदलून हे सुटणार नाही.

मी गेली १९ वर्षं शास्त्रज्ञांसाठी चित्रं काढते. त्यातलं निम्म्याहून जास्त काम पाण्याचं आणि मातीचं. पण जे सांगते आहे ते मुख्यतः देशावरच्या काळ्या खडकाच्या गावांत शिकलेलं आहे. कोकणात जांभ्याखाली किंवा विदर्भात पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात पाणी वेगळ्या रीतीने साठतं, तिथे चित्रही वेगळं लागेल. शिवाय चित्र कुठे बघितलं जाणार यावरही बरंच ठरतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं, व्हॉट्सॲपवर फिरणारं आणि वर्तमानपत्राला द्यायचं ही तीन वेगळी चित्रं असतात. एकाच फाइलमध्ये तिन्ही भागवायला गेलं की तिन्ही ठिकाणी फसतं. तुम्ही गावात गेलात, म्हणून मी भिंत धरून बोलते.

आधी एक ठरवा: हे बघून कुणी, कधी, काय ठरवायचं आहे? ‘लोकांना भूजलाची जाणीव व्हावी’ हे उत्तर चित्राच्या कामाचं नाही, त्यावरून एक रेघही काढता येत नाही. तुमच्या बाबतीत मला उत्तर समोरच दिसतं. पावसाळा संपतो, विहिरी जितक्या भरायच्या तितक्या भरतात आणि ऑक्टोबरात रब्बीचं ठरतं. गहू करायचा की हरभरा, कांदा एक एकर की तीन. त्या वेळी विहिरीत किती पाणी आहे आणि ते कुठवर पुरेल, हे तुमच्या तीन वर्षांच्या मोजणीत दडलेलं आहे. हिवरे बाजारमध्ये दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, ते याच हिशेबावर. तुमच्या कागदाने एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. नकाशा, पाय चार्ट, सहा शिफारशी प्रबंधात राहू द्या. प्रबंध वाचणाऱ्याला त्या लागतील. बांधावरच्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट हवी असते, आणि ती त्याच्या कामाची असली तर तो बाकीचं स्वतः विचारतो.

आता आलेखाकडे येते. इथे मी स्वतः जोरात आपटले आहे. दहाएक वर्षांपूर्वी अशाच एका अभ्यासाचा आलेख मी मोठा करून, सुंदर निळ्या रेषेत एका गावच्या देवळाच्या ओट्यावर लावला होता. अभ्यासकांच्या मूळ तक्त्यात पातळी ‘जमिनीपासून खाली इतके मीटर’ अशी होती आणि शून्य तळाला होतं. म्हणजे पाणी खोल गेलं की आकडा वाढणार आणि रेघ वर चढणार. शास्त्रज्ञाला यात काही वावगं वाटत नाही, कारण तो अक्ष वाचतो. ओट्यावर बसलेले एक आजोबा मात्र रेघेकडे बघत म्हणाले, “चला, आमचं पाणी वाढतंय म्हणायचं.” ती रेघ मे महिन्याची होती, विहिरी तळाला गेल्या होत्या. आजोबांची चूक नव्हती. वर गेलेली रेघ म्हणजे वाढ, हे वाचन माणसाच्या डोळ्यात आहे, आणि विहिरीत तर पाणी वर येणं ही रोज बघितलेली गोष्ट आहे.

तेव्हापासून विहिरीचा आलेख मी असा काढते. सगळ्यात वर जाड आडवी रेघ म्हणजे जमीन. तिच्यावर थोडं गवत, मोटरीची पेटी, विहिरीचा कठडा. तिच्याखाली महिन्यांची बारा उभी खणं, आणि प्रत्येक खणात विहीर जितकी भरलेली तितकं निळं. पहिलं खण जूनचं. जानेवारी ते डिसेंबर हे कॅलेंडरचं वर्ष आहे, पाण्याचं वर्ष मृगाला सुरू होतं. जूनपासून सुरुवात केली की चित्राला आपोआप गोष्ट येते: भरत गेली, भरली, उतरत गेली, आटली. डावीकडे मीटरच्या जोडीला परस लिहा. साधारण सहा फुटांचा एक परस. “मे महिन्यात पाणी ११ मीटरवर” म्हटलं तर लोक मान डोलावतात. “सहा परस खाली गेलं” म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, “माझ्याकडे सातवर होतं.” तुम्हाला हवं असलेलं बोलणं इथून सुरू होतं.

दुसरा घोटाळा याहून खोल आहे. जमिनीचा उभा छेद काढताना आपण सगळेच वर तपकिरी माती, खाली राखाडी खडक आणि मध्ये निळा पट्टा काढतो. शाळेपासून तेच बघत आलोय. हा निळा पट्टा बघणाऱ्याच्या मनात काय तयार करतो? जमिनीखाली तळं आहे, नदी वाहते आहे. नारळ घेऊन फिरणारा पाणाडीही हेच सांगतो, आणि आपलं चित्र नकळत त्याची बाजू घेतं. एका बाईंनी मला विचारलं होतं, “एवढं पाणी हाय तर आमची बोअर तीनशे फुटांवर कोरडी का गेली?” माझ्याकडे चित्रात त्याचं उत्तर नव्हतं, कारण माझं चित्रच खोटं होतं.

दख्खनचा हा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन याच खडकावर आहे. त्यात पाणी राहतं ते भेगांत, सांध्यांत, झिजलेल्या मुरमात आणि मांजऱ्या खडकाच्या बारीक पोकळ्यांत. अभंग काळ्या पाषाणात जवळजवळ काहीच राहत नाही. आता हे दाखवायचं कसं? मी एक ठोकळा काढते, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. शेजारी उभा माणूस, म्हणजे ठोकळा कमरेएवढा आहे हे कळतं. त्या ठोकळ्यात पाणी भरलं तर मावेल १,००० लिटर. पण झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टच्या तेवढ्याच ठोकळ्यातून निथळून विहिरीत येणारं पाणी साधारण १ ते ३ टक्केच असतं, म्हणजे १० ते ३० लिटर. म्हणून ठोकळ्यापुढे मी लग्नात ठेवतात तो २० लिटरचा एक जार काढते. एवढा दगड, एवढंच पाणी. हे चित्र मी ज्या ज्या गावात लावलं तिथे लोक जवळ आले, ठोकळा हाताने मापला, जाराकडे बोट दाखवलं. एक जण म्हणाला, “म्हणजे चार मोटरी एकदम चालू केल्या की झालंच.” भूजलावरच्या भाषणात हे वाक्य मी कधी बोलले नव्हते. ते त्या जाराने सुचवलं.

तुमच्या छेदातही पाणी भेगांतच काढा, निळा पट्टा काढू नका. आणि त्या भेगा मनाने काढू नका. तुमच्या भागातल्या एखाद्या विहिरीत उतरून किंवा रस्त्याच्या कापात उभं राहून काढलेला फोटो चित्रकाराला द्या. वर मुरूम, मग मांजऱ्या, मध्ये कुठे तांबडा गेरूसारखा थर, खाली काळा दगड, ज्या क्रमाने प्रत्यक्षात आहेत त्याच क्रमाने. गावात विहिरी खणणारी माणसं असतात. त्यांना हे थर तुमच्या-माझ्याइतकेच माहीत असतात आणि चित्रात चूक असली तर ती पहिल्यांदा तेच पकडतात. हल्ली यंत्राकडून चित्र करून घेण्याचा मोह होतो. सजावटीला ते चालेल, छेदाला कृपा करून नको. शास्त्रीय चित्रातली प्रत्येक भेग म्हणजे एक विधान असतं आणि त्याखाली तुमचं नाव असतं.

आकड्यांचं बोलायचं तर मोठे आकडे लोकांना कळत नाहीत हा समज चुकीचा आहे, ओळखीचं माप नसलं की कळत नाहीत. पावसाचा एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. यावरून हिशेब करा. एका एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण २० लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे २०० टँकर. ज्या गावाने उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली आहे तिथे हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. आता यातलं खाली किती मुरतं? भूजल मोजण्याच्या सरकारी पद्धतीत बेसॉल्टसाठी खडकाच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के धरत आले आहेत. म्हणजे २०० पैकी १४ ते २६ टँकर. वीस ओळी, दर ओळीत दहा छोटे टँकर, आणि त्यातले १४ गडद निळे, पुढचे १२ फिकट निळे, बाकी सगळे नुसत्या रेषांचे. गडद म्हणजे ‘एवढे तरी’, फिकट म्हणजे ‘फार तर एवढे’. अनिश्चितता दाखवायला याहून सोपी रीत मला सापडलेली नाही.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून थांबून सांगते. दुप्पट पाणी दाखवायला दुप्पट उंचीचा टँकर काढतात. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, आणि कागदावरची जागा चौपट. डोळा जागा बघतो, उंची बघत नाही. म्हणजे तुम्ही दुप्पट म्हणालात आणि चित्र चौपट बोललं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा तो प्रसिद्ध पाकळ्यांचा तक्ता छापला, त्यात पाकळीचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवलं होतं, ते याचसाठी. त्याहून सोपा मार्ग व्हिएन्नात १९२० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराथने धरला: जास्त दाखवायचं तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा काढायचं. शंभर वर्षांनीही मी हेच करते. टँकर मोजता येतात. एक लहान मुलगा बोटाने मोजायला लागला की आजूबाजूचे मोठेही मोजतात.

मोजमापाचाच आणखी एक पेच छेदात येतो. समजा तुमचा पाणलोट दोन किलोमीटर रुंद आहे आणि कागद एक मीटर. खऱ्या प्रमाणात १२ मीटरची विहीर कागदावर ६ मिलिमीटर येते, टाचणीएवढी. म्हणून सगळे उभं माप दहापट ताणतात. मग विहीर ६ सेंटिमीटर होते खरी, पण १५० मीटरची टेकडी ७५ सेंटिमीटरचा कडा होऊन बसते. लोक म्हणतात, हा आमचा डोंगर नव्हे. मी आता दोन चित्रं करते. वर खऱ्या प्रमाणात अख्खा पाणलोट, ओळखीच्या देवळासकट, पट्टीसारखा बारीक. त्यातल्या एका विहिरीवर गोल, आणि खाली तो गोल मोठा करून विहिरीचा छेद. जागा थोडी जास्त जाते, पण खोटं काही सांगावं लागत नाही. जे निव्वळ कल्पनेचं चित्र आहे त्यावर ‘हे नुसतं समजावण्यासाठी, मोजून काढलेलं नाही’ असं स्वच्छ लिहावं. २०२० मध्ये कोरोनाची ती रेघ सपाट करण्याची आकृती घरोघरी पोचली. रुग्णालयांची क्षमता आणि दोन टेकाडं. कल्पना समजावायला ती फार चांगली होती. पण कितीतरी लोकांनी ती अंदाज म्हणून वाचली आणि ‘हे टेकाड कुठल्या तारखेला उतरणार’ असं विचारत राहिले. आकृती आणि आलेख दिसायला सारखे असले तर हा घोळ होणारच.

तुमची तीन वर्षं आहेत, त्यांची सरासरी काढू नका. तीन वर्षांच्या तीन रेघा वेगवेगळ्या ठेवा. गावाच्या आठवणीत वर्षांना तोंडवळा असतो: बहात्तरचा दुष्काळ, टँकर लागले ते वर्ष, ओढा दोनदा आला ते वर्ष. सरासरीचं वर्ष कुणी जगलेलं नसतं. काही जण मला त्या तापमानाच्या रंगीत पट्ट्यांसारखं काही करून मागतात, इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये केलेल्या. एका वर्षाची एक पट्टी, निळ्याकडून लालकडे जाणाऱ्या, ना आकडा ना अक्ष. मला ते चित्र मनापासून आवडतं. पण शंभराहून जास्त वर्षांचा एका दिशेने जाणारा बदल असला तरच ते बोलतं. विहीर दर वर्षी भरते आणि दर वर्षी उतरते. तीन वर्षांच्या पट्ट्यांत तुमचं सगळं म्हणणं पुसून जाईल.

रंगांविषयी दोनच गोष्टी. एक म्हणजे आपल्याकडे रंग रिकामे नसतात. एकदा मी तीन वाड्यांच्या विहिरी भगव्या, हिरव्या आणि निळ्या रंगात दाखवल्या. बैठकीत पहिला अर्धा तास कुठल्या वाडीला कुठला रंग आणि का, यातच गेला. आता वाड्या मी रंगाने वेगळ्या करत नाही, नावाने करते. दुसरी गोष्ट म्हणजे झेरॉक्स. तुमचा कागद कुणाला आवडला तर तो तालुक्याला जाऊन काळा-पांढरा झेरॉक्स काढेल. त्यात लाल आणि हिरवा सारखेच करडे होतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं प्रत्येक गावात असतात, बहुतेक पुरुष, आणि ती सांगत नाहीत. म्हणून रंगाच्या जोडीला पोतही बदला: मुरमाला ठिपके, मांजऱ्याला छोटी भोकं, पाषाणाला कोरा करडा. कागद पक्का करण्यापूर्वी स्वतः एक झेरॉक्स काढून बघा.

शब्द. ‘जलधर’, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, हा शब्द बरोबर आहे, पण तो तुमच्या-माझ्यातला. लोक ‘झरा’, ‘पाझर’, ‘मुरणं’ म्हणतात. ‘पुनर्भरण’ पाणलोटाच्या कामांमुळे गावोगाव पोचला आहे, तो चालेल. अक्षर कसं दिसतं याकडे फार कमी लोक लक्ष देतात. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट फुकट आहेत आणि सुवाच्य आहेत. फक्त ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते तपासा, पुष्कळ फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटतं. भिंतीसाठी पेंटरलोकांचा जुना हिशेब धरा: दहा फुटांवरून आरामात वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर. या मापाने बसवायला गेलात की तुमच्या सहा शिफारशी आपोआप एकीवर येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. रंग भरण्यापूर्वी पेन्सिलचा कच्चा कागद घेऊन गावात जा. कच्चाच घेऊन जा. पक्क्या, चकचकीत चित्राला लोक नावं ठेवायला संकोचतात, तुमची मेहनत दिसते म्हणून. ‘छान आहे’ हे त्या संकोचाचंच बोलणं असतं. पेन्सिलच्या कागदावर मात्र माणसं बोट ठेवतात, पेन्सिल मागून घेतात. तीन-चार जणांना एकेकटं गाठा, बैठकीत विचारू नका, तिथे सरपंच किंवा मास्तर बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. बायकांना वेगळं विचारा, घरातल्या पाण्याचा हिशेब त्यांच्याकडे असतो. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. मी म्हणते, “तुमच्या शेजाऱ्याने हे बघितलेलं नाही. त्याला यात काय आहे ते सांगा.” मग गप्प बसते. ते जिथे अडखळतात तिथे चित्र चुकलं आहे. ते जे सांगतात पण मी काढलेलंच नाही, तिथे तर फारच चुकलं आहे. सगळी अक्षरं हाताने झाकून एकदा विचारा. चित्राने अर्धी गोष्ट तरी स्वतः सांगायला हवी.

चित्र लावून निघून येऊ नका, हेही त्यातच आलं. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवतीचा डॉक्टर जॉन स्नोचा कॉलराचा नकाशा सगळे दाखवतात आणि नकाशाने साथ थांबवली असं सांगतात. पंपाचा दांडा काढला ८ सप्टेंबर १८५४ ला. नकाशा छापून आला त्यानंतर, आणि साथ तोवर उतरणीलाही लागली होती. स्नो घरोघर फिरला होता, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं होतं आणि ते मांडत स्थानिक मंडळापुढे उभा राहिला होता. दांडा निघाला तो त्या बोलण्यामुळे. तुमच्या ४२ विहिरींची पायपीट हे तुमचं तसलंच भांडवल आहे. चित्रापुढे उभं राहून ती सांगा.

एक काळजी घ्या. विहिरी कुणाच्या तरी मालकीच्या असतात. एका कामात आम्ही नकाशावर आटलेल्या विहिरी लाल ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. त्यातल्या एका शेतकऱ्याचा जमिनीचा व्यवहार चालू होता, आणि घेणाऱ्याने तो नकाशा पुढे करून भाव पाडला. आम्ही परवानगी मोजायची घेतली होती, दाखवायची घेतली नव्हती. दोन्ही वेगळ्या आहेत. एखादी खरी विहीर दाखवायची तर मालकाला कागद दाखवून विचारा, नाहीतर ठिकाण कळणार नाही अशी दाखवा. आणि निबंध आधीच छापून आला असेल तर त्यातल्या आकृत्या जशाच्या तशा उचलण्याआधी प्रकाशकाची अट वाचा. आकडे तुमचे असले तरी छापलेली आकृती बहुधा त्यांच्या हक्काची असते.

आता सॉफ्टवेअर. तुम्हाला स्वतःला करायचं असेल तर इंकस्केप शिका. फुकट आहे आणि देवनागरी जोडाक्षरं नीट जोडतं. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांच्या मांडणीचा पर्याय चालू केला नाही तर वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. छपाईला देताना अक्षरांचं रेषांत रूपांतर करून द्या, म्हणजे तिकडच्या मशीनवर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. कॅनव्हाही वाईट नाही, पण त्यातले तयार आयकॉन आपले नसतात. त्यातली विहीर परीकथेतली असते, वर छप्पर आणि दोराला बादली. आपल्याकडे रहाट गेले, मोटरी आल्या.

चित्रकाराला द्यायचं का? तुम्हाला स्वतः बरं काढता येत असेल आणि एकच गाव असेल तर नको. पाच-दहा गावं असतील किंवा छेद गुंतागुंतीचा असेल तर द्या. पण द्यायचं तर सुरुवातीपासून द्या. सगळं ठरवून झाल्यावर ‘जरा सुंदर करून द्या’ म्हणून येणाऱ्या कामात मी फक्त रंग भरू शकते. चित्रकाराला एकदा तरी विहिरीवर घेऊन जा, तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा आणि तीन फेऱ्या दुरुस्त्यांचं लेखी ठरवा. मला अशा एका भिंतचित्राला पाच-सहा आठवडे लागतात, त्यातले रंगकामाचे जेमतेम आठ-दहा दिवस.

फ्लेक्सपेक्षा भिंत बरी. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. शाळेच्या, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर जवळपास कुठेतरी असतोच. अक्षरं त्याच्याकडून काढून घ्या, त्याच्या अक्षराची गावाला सवय असते आणि पुढे डागडुजी तोच करतो. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत भिंत तयार असू द्या, म्हणजे रब्बीचं ठरायच्या आत लोक ती बघतील. आणि बारा खणांच्या त्या आलेखाखाली काळ्या रंगाची हातभर रुंद पट्टी रंगवून घ्या, फळ्यासारखी, अगदी कोरी. तिच्यावर दर महिन्याला गावातल्याच कुणीतरी, शाळेतली मुलं असली तर फारच चांगलं, एका ठरलेल्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायचं आणि किती परसांवर आहे ते खडूने लिहायचं. त्या विहिरीच्या मालकाला मात्र आधी विचारा.